खिडकीजवळची सोडलेली जागा

ता. ४ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी एक वाक्य वाच आणि मग सावकाश बसून पुढचं वाच. ह्यांची तब्येत उत्तम आहे. काल घरी आणलं. हृदयाच्या नळीत काहीतरी बसवलंय, त्याला डॉक्टरांचा वेगळा शब्द आहे, पण हे त्याला स्प्रिंगच म्हणतात आणि आता नर्सही स्प्रिंगच म्हणायला लागल्या होत्या. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःच्या छातीतही स्प्रिंगच दिसणार.

त्या दिवशी रात्री फोनवर ह्यांना हॉस्पिटलात ठेवलंय, मी येत नाही, एवढंच तुला सांगितलं आणि ठेवून दिला. तुला माहीत आहे, फोनवर मला रडू येतं आणि तू नुसता हो हो करतोस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सकाळी खाली टॅक्सी येऊन उभी होती. आपल्या बिल्डिंगची लिफ्ट ह्यांनीच आठवडाभर उघडून ठेवलेली, कसलासा भाग यायचाय म्हणून. चार मजले बॅग उतरवायची. ड्रायव्हर वर यायला तयार होता, शेजारचे तयार होते, पण ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि वर मलाच म्हणतात की तू हो पुढे, मी आलोच. मला विमानतळावर सोडायला आलेल्या टॅक्सीनं आम्हाला दोघांना हॉस्पिटलात सोडलं.

तिथे ह्यांना आत नेल्यावर मी बाहेर बाकावर बसले, आणि पहिली आठवण झाली ती विमानाची. अजून वेळ होता. पर्समधून कागद काढला, विमान कंपनीला फोन लावला आणि तिथल्या मुलीला सांगितलं की बाई, माझी खिडकीजवळची जागा आहे, मला यायला जमत नाही, ताटकळत बसलेलं कुणी असेल तर त्याला ती खुशाल देऊन टाका. तिनं कागदावरचा नंबर विचारला, मी वाचून दाखवला. फार गोड बोलली.

चिमणीला बघायचं राहिलं याचं वाईट वाटतंय, ते लपवत नाही. तिच्यासाठी शिवलेली झबली आता तिला होणारही नाहीत. पण एक बरं झालं, तिकीट तुझ्या पॉइंटांचं होतं. पैशाचं असतं तर जीव हळहळला असता. फुकटचं होतं, बुडालं काहीच नाही.

वहिनीला आशीर्वाद, चिमणीचे दोन पापे. लोभ आहे तेवढा राहू दे आणि काळजी करू नकोस.

तुझी,
ताई

—

ता. १२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. पहिलं वाक्य वाचून खरंच खाली बसलो. गेले दहा दिवस भलतंसलतं मनात येत होतं. हिनं तर पत्र आल्याबरोबर माझ्या हातातून ओढूनच घेतलं. वन्संना म्हणावं, भावोजींना आता बिछान्याला बांधून ठेवा, असा तिचा निरोप आहे.

आता दुसरं. रागावू नकोस, पण मला राग आला आहे आणि तो लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ताई, ते तिकीट फुकटचं नव्हतं. सहा वर्षं कंपनीनं मला जिथे लिफ्ट बसवायची असेल तिथे धाडलं. भल्या पहाटेची विमानं, दोन जाड्या माणसांच्या मधली सीट, गुडघे हनुवटीला. दर खेपेला खात्यात थोडे पॉइंट जमा व्हायचे. लोक त्यातून घड्याळं घेतात, हॉटेलात राहतात. मी एकाला हात लावला नाही. तुला आणायचं म्हणून साठवत होतो.

अशा तिकिटाचा नियम साधा आहे. विमान सुटायच्या आत तिकीट रद्द करा, पॉइंट परत खात्यात आणि कार्डावरून भरलेले कर परत कार्डावर. थोडीशी कापाकापी होते, बास. पण रद्द न करता माणूस नुसता आलाच नाही, तर सगळं गेलं. आणि माझ्या खात्यात तुझ्या नावापुढे लिहिलंय, प्रवासी आला नाही. तुझं परतीचं तिकीटही त्यांनी आपोआप उडवलं. मी फोन केला, तर म्हणे रद्द केल्याची नोंदच नाही. तू फोनवर रद्द करा असं म्हणाली होतीस का? नेमकं काय बोललीस ते आठवून लिही.

पुन्हा साठवू म्हणावं, तर तेही नाही. यंदापासून कंपनीनं विमानवाल्यांशी एकगठ्ठा करार केलाय, पॉइंट आता कंपनीच्या खात्यात जातात. आणि घराचा हप्ता सुरू झालाय, हिनं चिमणीसाठी नोकरी सोडलीय, तेव्हा पैशानं तिकीट काढायचं म्हणजे दोनतीन वर्षं तरी विसरायचं. तोवर चिमणी शाळेत जाईल आणि तिला आत्या म्हणजे फोनमध्ये राहणारी बाई वाटेल.

आणखी एक विचारतो. तुझं येणं भावोजींना मनापासून पटलं होतं का? त्यांचं वर्कशॉप सोडून मी इकडे आलो त्याला सात वर्षं झाली, आणि सात वर्षांत ते माझ्याशी शब्द बोललेले नाहीत. फोन त्यांनी उचलला की मी गप्प, ते गप्प, मग तुझी हाक ऐकू येते. आजारपण खरं आहे हे मला कळतं. पण मनात आलं ते तुला नाही विचारायचं तर कुणाला.

औषधं वेळेवर दे त्यांना. लोभ असू द्यावा, आज थोडा रागही सोबत ठेवून घ्यावा.

तुझा,
ढब्बू

—

ता. २० एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस लिहायला बसले नाही. पहिल्या दिवशी तुझा राग आला, दुसऱ्या दिवशी स्वतःचा. आज कुणाचाच नाही.

नाही रे बाळा, मी रद्द करा असं म्हणाले नाही. मला सुचलंच नाही. तीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसले. तिथे कुणाच्या घरी अडचण आली की ते तिसऱ्या घंटेच्या आत फोन करायचे, अमुक रांगेतली आमची जागा सोडली, कुणी पायरीवर ताटकळत असेल तर त्याला द्या. मी तिकिटावर खूण करायची आणि बाहेर उभ्या असलेल्यांपैकी एकाला आत सोडायचं. पैसे परत मागणं कुणाच्या मनातही यायचं नाही, आणि जो फोन न करता जागा रिकामी ठेवायचा त्याला आम्ही मनातल्या मनात नावं ठेवायचो. मला वाटलं, विमानातही तसंच असणार. मी आपली मोठ्या मनानं जागा सोडून आले आणि तुझी सहा वर्षांची कमाई सोडून आले, हे आता कळतंय. फार वाईट वाटतंय.

त्या मुलीला मी जे बोलले ते तुला आधीच लिहिलंय, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. ती म्हणाली होती की संभाषण रेकॉर्ड होतंय. मी म्हटलं, होऊ दे, मी काही वाईट बोलत नाही.

आता ह्यांचं. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. परवा ती बॅग उघडली. मी भरली होती तेव्हा ती मला एका हातानं उचलता येत होती. ह्यांनी उतरवली तेव्हा तिनं ह्यांना खाली बसवलं. मी म्हटलं, असं झालं तरी काय. तर सगळ्यांत तळाशी, झबल्यांच्याही खाली, ह्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला पान्यांचा अख्खा संच. तोच, ज्याच्यावर तू काम शिकलास, ज्याच्यातला मधला पाना तू हरवलास म्हणून तुला मार बसता बसता राहिला होता. मधला नवीन घेऊन घातलाय. सगळे तेल लावून पुसलेले.

मी ह्यांच्यापुढे नेऊन ठेवला. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले की तिकडच्या कंपन्या पाने हलके देतात, हात बसत नाही त्यांवर. आता पटलं होतं की नव्हतं, ते तूच ठरव.

पॉइंट गेले तर गेले. तू मनाला लावून घेऊ नकोस, आणि माझ्यावरचा राग गेला असेल तर तेवढं कळव.

तुझी,
ताई

—

ता. २८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग केव्हाच गेला. तुझं पत्र मी कामावर जेवणाच्या सुट्टीत वाचलं ते चुकलंच. सोबतच्या गड्यानं विचारलं, घरी सगळं ठीक ना, आणि मी पत्र डब्याखाली सरकवलं. मधला पाना मी हरवला नव्हता, तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता आणि मी भीतीनं सांगितलं नाही. हे त्यांना सांग, किंवा नको, मीच सांगेन.

तर आता पॉइंट गेले तर गेले असं मी म्हणणार नाही. तुझ्या पत्रातली एक ओळ माझ्या कामाची निघाली, संभाषण रेकॉर्ड होतं ती. लगेच विमान कंपनीला फोन लावला. पहिल्या मुलीनं सांगितलं, पॉइंटांची तिकिटं आमच्याकडे नाहीत, त्यांचा विभाग वेगळा. त्या विभागातल्या माणसानं सांगितलं, रद्द शब्द नोंदीत नाही, सबब काही होणार नाही. मी म्हटलं, नोंद राहू द्या, तुम्ही तो फोन ऐका. माझ्या बहिणीनं विमान सुटायच्या आधी स्वतः फोन करून जागा तुम्हाला परत दिली. आता जागा परत देणं म्हणजे तिकीट रद्द करणं नाही, तर मग काय आहे ते मला लेखी कळवा. तेव्हा तो म्हणाला की लेखी अर्ज करा, सोबत हॉस्पिटलचा कागद जोडा.

तेव्हा भावोजींना दाखल केल्याचा कागद, ज्यावर तारीख आणि वेळ आहे तो, शेजारच्यांकडून फोटो काढून मला पाठव. आणि तू फोन केलास त्याची वेळ तुझ्या मोबाइलमध्ये दिसेल, त्याचाही फोटो. अर्ज मी लिहून ठेवलाय. हिनं वाचून त्यातली दोन कडक वाक्यं काढून टाकली, म्हणाली भांडण जिंकायचंय की पॉइंट हवेत ते ठरवा.

भावोजींना एक विचारशील? इथे एका जुन्या इमारतीत लिफ्ट आहे. अर्धी भरलेली असली की नीट थांबते, पण रिकामी वर गेली की मजल्याच्या दोन बोटं वर जाऊन थांबते. त्यांना काय वाटतं, विचारून कळव. घाई नाही.

आशीर्वाद असावेत, आणि त्या फोटोंची वाट बघतोय.

तुझा,
ढब्बू

—

ता. ७ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. वि. वि.

फोटो मिळाले असतीलच. शेजारच्या काकूंनी माझा आणि ह्यांचाही एकेक काढून मध्ये घुसवलाय, ते दोन कंपनीला पाठवू नकोस. ह्यांचा चेहरा बघून ते म्हणतील की हा माणूस आजारी कुठे आहे.

तुझा लिफ्टचा प्रश्न मी ह्यांना वाचून दाखवला. आधी म्हणाले की त्याला उत्तर माहीत आहे, उगाच विचारतोय. मी म्हटलं, असेना का. मग स्वतःच म्हणाले, ब्रेकच्या अस्तराला तेल लागलंय का बघायला सांग, वरून ठिबकत असणार, रिकामी असली की तिला पलीकडचं वजन वर ओढतं आणि ब्रेक निसटतो. मग उशी मागे घेऊन उठून बसले आणि तास दीड तास मला लिफ्ट समजावून सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पहिल्यांदाच कळलं की लिफ्टला पलीकडे वजन असतं. डॉक्टरांनी फार बोलू देऊ नका म्हणून बजावलंय, पण मी अडवलं नाही. रात्री नीट जेवले आणि लगेच झोपले.

आता रोज टपालाची वेळ झाली की विचारतात, काही आलं का. कुणाचं ते म्हणत नाहीत. तुझी पत्रं मी आता मोठ्यानं वाचते. पान्याचंही वाचलं. खड्ड्यात पडल्याचं मला तेव्हाच ठाऊक होतं, असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात खड्ड्यात उतरले तेव्हा त्यांनाच सापडला होता. मग तो कुठे आहे, तर वर्कशॉपात, त्यांच्या खणात. आता दोन मधले पाने झाले आहेत, तुम्ही दोघं मिळून काय ते बघा.

ह्यांच्याजवळ तीन महिने सतत कुणीतरी हवं असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे कुणी काय, मीच. तेव्हा पॉइंट परत मिळाले तरी मी लगेच निघू शकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण मिळावेत असं फार वाटतं. माझ्या हातून गेलेली गोष्ट तुला परत मिळाली तर मला रात्री झोप लागेल.

कंपनीकडून कळलं की लगेच कळव. माया आहेच, ती पत्रात मावत नाही इतकंच.

तुझी,
ताई

—

ता. १९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मिळाले. सगळे मिळाले.

आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. कुणा वरिष्ठ बाईंनी तुझा फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. त्या लिहितात की विमानाचं दार बंद व्हायच्या कितीतरी आधी प्रवाशानं स्वतः जागा परत केली आणि आमच्या कर्मचाऱ्यानं ती रद्द म्हणून नोंदवायला हवी होती, ती चूक आमची. सगळे पॉइंट खात्यात जमा, कर कार्डावर परत, आणि रद्द करण्याची जी कपात असते तीही माफ. शेवटी एक ओळ जास्तीची होती, ती तुझ्यासाठी उतरवतो. तुमच्या भगिनींनी सोडलेली जागा त्या दिवशी प्रतीक्षायादीतल्या एका प्रवाशाला खरोखर देण्यात आली, त्यांना कळवावे.

तेव्हा तुझी तिसरी घंटा विमानातही वाजली म्हणायची. मी ऑफिसात हे वाचून एवढ्या मोठ्यानं हसलो की साहेब बाहेर आले. घरी आलो तर हिनं चिमणीला हातात धरून खोलीभर नाचवलं. चिमणीला काय कळलं कुणास ठाऊक, पण तीही ओरडत होती. मला इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. पॉइंटांचं आहेच, पण मी तुला त्या पत्रात जे बोललो ते गेले महिनाभर टोचत होतं.

आता एक मेख आहे. परत आलेल्या पॉइंटांना नवी मुदत मिळत नाही, त्यांची जुनीच चालते. जूनअखेरपर्यंत तिकीट काढून प्रवासही सुरू व्हायला हवा, नाहीतर ते आपोआप मरतात. मी मुदत वाढवून मागितली, तर त्या बाईंनी नम्रपणे नाही म्हटलं. आणि जूनअखेरपर्यंत तू भावोजींना सोडून येऊ शकत नाहीस, हे मला समजतं. दोघांनी यावं तर तेवढे पॉइंट नाहीत. एका माणसाचं जाऊन येऊन तिकीट होतं, बास.

म्हणून उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मुदत संपली तर संपू दे. ते आपले होते आणि आपल्याला परत मिळाले, मला तेवढ्यानं समाधान आहे. ब्रेकच्या अस्तराला तेलच होतं, भावोजींना सांग.

दोघांना साष्टांग नमस्कार. लोभ आहे तो घट्ट राहावा.

तुझा,
ढब्बू

—

ता. २७ मे

चि. ढब्बूस,
अ. आ.

अक्षर ओळखू येणार नाही, कारण मी पत्र लिहीत नाही. बिलं लिहितो.

तुझं पत्र तुझ्या बहिणीनं वाचून दाखवलं. वाचताना हसली, आणि मुदतीच्या ओळीवर आली तेव्हा ती ओळ पुन्हा वाचली. नंतर तिनं तुला चार पानी उत्तर लिहिलं. पॉइंट गेले उडत, ह्यांना सोडून मी कुठे जात नाही, चिमणीला दोनतीन वर्षांनी बघेन, त्यात काय एवढं, असा सगळा मजकूर. लिहिताना दोनदा उठून आत गेली. मला वाटतं तोंड धुवायला.

लिफ्टचा भाग आला, दुसऱ्या कारागिराकडून ती चालू करून घेतली. डॉक्टरांनी मला रोज कोपऱ्यापर्यंत चालायला सांगितलंय. टपालाची पेटी कोपऱ्यावर वर्कशॉपशेजारीच आहे, म्हणून तिची पत्रं आता मी टाकतो. तिचं पत्र माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील. टाकतोय ते हे.

तू हिशेबात कायमच कच्चा. तिकीट एका माणसाचं निघतं म्हणतोस, पण ते तिनंच वापरायला हवं असं कुणी सांगितलंय? तिकडून इकडे येण्यालाही विमानच लागतं. शेजारच्यांच्या मुलाकडून मी विचारून घेतलं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, त्याला पॉइंट लागत नाहीत, थोडाफार कर असतो. तुझ्या बायकोला विचार, तुझ्यावर विश्वास टाकून मुलगी सोडते का. सोडत नसेल तर तीच आणू दे, तू घरी थांब. मला कुणीही चालेल. तू आलास तर जास्त चालेल.

सुट्टी मिळत नसेल तर साहेबाला सांग, घरी आजारी माणूस आहे. खोटं नाही.

इथे वर्कशॉपचं काम बंद आहे. मला वर चढायची मनाई आहे. जुन्या गिऱ्हाइकांना सांगितलंय की जूनमध्ये माझा माणूस येतोय. हे आधी सांगायला नको होतं, पण सांगून बसलो.

तिकीट काढलंस की दिवस आणि वेळ मला वर्कशॉपच्या पत्त्यावर कळव, घरच्या नको. तिला यातलं काही माहीत नाही. त्या दिवशी बेल वाजली की ती स्वयंपाकघरातून ओरडेल की बघा हो कोण आहे. तेवढं चालायची मला परवानगी आहे. दार मी उघडेन, मुलीला आधी माझ्याकडे दे, आणि मग आपण तिघं काही न बोलता आत जाऊ.

माझा लोभ होताच. तो सांगायची सवय नाही.

तुझा,
भावोजी